खाऱ्या विहिरीचं पाणी

आमच्या घरातला मासा मेला, एवढं सगळ्यांना माहीत आहे. घरात माहीत आहे, वस्तीत माहीत आहे. पण ती अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी आजवर माझ्याशिवाय कुणाकडेच नाही — बायकोकडेही नाही. ती आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. तुमच्याच पुढे का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

एका माशाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पहिले काही महिने मी स्वतःला हेच ऐकवत होतो — मासा तो, मरायचाच कधीतरी. पण गोष्ट माशाची नाही. म्हणजे, माशाचीच आहे. माशापाशी थांबत नाही, एवढंच.

ताईपासून सुरुवात करावी लागेल.

कुसुमताई माझी मोठी बहीण. नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो, त्यानंतर आई म्हणजे तीच. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही — विचारायची गरज नव्हती, उत्तर रोज शाळेचा डबा घेऊन निघत होतं. पुढे ती नर्स झाली आणि नोकरी लागली ती थेट कोकणात, एका खाडीकाठच्या उपकेंद्रात. तीस वर्षं तिकडेच राहिली. निवृत्त झाली आणि माझ्याकडे आली.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, तळेगावहून आत. नाव सांगत नाही. ताई आली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी होती, बीपी मोजायचं मशीन होतं, आणि झाकणाला भोकं पाडलेली एक पांढरी बादली. दोन रेल्वे आणि एक एसटी बदलून ती बादली तिनं मांडीवरून आणली होती. आत मासा होता.

तसा मासा मी पाहिला नव्हता. पिंपळाच्या पानाएवढा आणि जवळजवळ तेवढाच चपटा. तिकडे त्याला लेप म्हणतात. दोन्ही डोळे एकाच बाजूला, वरच्या. खालची बाजू पांढरी आणि आंधळी. ताईनं काचेची टाकी मांडली, तळाशी बारीक रेती अंथरली. मासा तिच्यावर जाऊन बसला, अंग एकदा थरथरवलं — आणि संपलं. रेतीच उरली. नीट पाहिलं तर मोहरीच्या दाण्यांएवढे दोन डोळे.

वस्तीतले लोक पाहायला यायचे आणि रेती पाहून जायचे. शेजारचे नामदेवकाका म्हणाले, ताई, यात मासा आहे का मासा होता? वैशाली — माझी बायको — माहेरी फोनवर सांगायची की आमच्या नणंदबाईंनी कोकणातून रेतीची पेटी आणली. ताई सगळ्यांबरोबर हसायची. म्हणायची, "दिसत नाई म्हंजे खुश आहे तो."

हे वाक्य लक्षात असू द्या.

त्या माशाला समुद्र चालत नाही आणि नदीही चालत नाही. त्याला खाडीचं पाणी लागतं, मधलं. सोबत आणलेलं पाणी संपलं तेव्हा ताईनं नळाच्या पाण्यात मीठ घालून पाहिलं. मासा फिकट पडला, खाईना. ती दोन दिवस टाकीपाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गेली आणि कॅन भरून पाणी घेऊन आली. बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले. म्हणाली, पावसाळ्यात वरून नदीचं पाणी उतरलं की खाडी अशीच लागते. पाणी खाऱ्या विहिरीचं होतं.

ही विहीर आमच्या वस्तीची. गावाच्या गोड विहिरीवर आमच्या आज्याला पाणी भरू देत नव्हते. म्हणून वस्तीतल्या माणसांनी आपली विहीर खणली, आजा त्यात होता. पाणी लागलं — पण खारं. दुसरी खणायला ना जागा होती, ना अंगात ताकद. दोन पिढ्या तेच प्यायल्या. डाळ शिजायची नाही त्यात. मी लहान होतो तोवर तेच पाणी, आणि शाळेत माझं नाव खाऱ्या. मिलिंद कुणी म्हणतच नव्हतं. हजेरीच्या वेळी मास्तरांनी मिलिंद म्हटलं की मागून आवाज यायचा.

नळ आले, विहीर सुटली. बाभळीत बुडाली. मला तर वाटायचं ती बुजवावी एकदाची. आणि इकडे माझी बहीण, साठीची बाई, दर रविवारी दोन कॅन घेऊन चौकातून त्या विहिरीवर जायला लागली. तिला त्यात लाज दिसत नव्हती. उलट म्हणायची, आज्याची विहीर कामी आली पहा. ती खरंच खुश होती. मी मात्र तिला परत येताना पाहिलं की घरात जायचो.

दर रविवारी ती टाकीतलं थोडं पाणी मगानं काढायची आणि तेवढंच नवं, चव घेऊन, घालायची. मग वही. नर्सची वही ती — तारीख, पाणी किती काढलं, किती घातलं, माशानं खाल्लं की नाही. आणि शेवटचा रकाना: चव. त्यात दर वेळी एकच शब्द, खारट.

मग ते आजाराचं वर्ष आलं. ताई निवृत्त होती तरी वस्तीत घरोघर फिरत होती, कुणाचा ऑक्सिजन पाहा, कुणाला गोळ्या समजावून सांग. शेवटी तिलाच झाला. वाचली. पण गुडघ्यांतली ताकद गेली आणि जिभेची चव गेली. ताकद पुढे थोडी आली. चव आली नाही. साखर आणि मीठ तिला आजही सारखंच.

"मिलिंद, पाणी आता तूच आणजो," ती म्हणाली. "अन् चव घेऊन पाहजो. माह्या जिभेचा काई भरोसा नाई."

मी हो म्हटलं. दोन रविवार गेलोही, अगदी सकाळी, चौक रिकामा असताना. तिसऱ्या रविवारी उशीर झाला. कॅन मोटरसायकलला बांधून येत होतो. पानठेल्यापाशी दिनू बसला होता, माझ्या वर्गातला. दिनू वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होता. त्यानं कॅन पाहिले आणि म्हणाला, "काऊन साहेब, नळ बंद पडला का? का खाऱ्याले अजून गोड पाणी पचून नाई राह्यलं?"

चार माणसं हसली. मीही हसलो. हसलो — काही बोललो असतो तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांपूर्वीची हजेरी एका वाक्यात परत झाली, आणि मी, कचेरीत टेबलापाशी लोक ज्याला वाकून साहेब म्हणतात तो, कॅन घट्ट धरून दात दाखवत उभा होतो.

त्यानंतर मी विहिरीवर गेलो नाही.

तळेगावच्या रस्त्यावर फिल्टरच्या पाण्याचा प्लांट आहे. लग्नाकार्याला लोक तिथूनच पाणी नेतात. पुढच्या रविवारी मी दोन्ही कॅन तिथं भरले. स्वच्छ, गोड, थंडगार पाणी. घरी आलो. ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिनं विचारलं, चव पाहिली? आणि मी म्हणालो —

"खारट आहे."

दोनच शब्द. तिनं वहीत लिहिलं. मी नंतर पाहिलं, तिनं रकान्यात नुसतं खारट लिहिलं नव्हतं. चव स्वतः घेतली नव्हती ना, म्हणून नर्सच्या सवयीनं नोंद पुरी केली होती: खारट — मिलिंदनं पाहिलं.

विहिरीचं खरं पाणी आणलं ते रविवार सोडले, तरी तसं अकरा वेळा लिहिलंय. मोजलंय मी.

निदान मीठ तरी घालायचं होतं त्यात, असं तुम्ही म्हणाल. हो. पण खरं सांगू? सुरुवातीला मला वाटलं, आवडेल माशाला. आमच्याकडे गोड पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? ते पाहुण्याला द्यायचं. त्याच्यासाठी आमची माणसं दोन पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. गोड पाण्यानं कुणाचं वाईट होईल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. पण हे कारण म्हणून सांगत नाही. पहिल्या दोन रविवारी ते खरं होतं. पुढचे नऊ रविवार मला दिसत होतं.

कारण मासा दिसायला लागला होता.

आधी रेतीवर. मग काचेवर — पोटाकडची पांढरी बाजू काचेला चिकटवून तासन्‌तास तसाच. रंग उडाला. कडेची झालर विरलेल्या पदरासारखी झाली. वस्तीतली पोरं धावत आली, दिसला, दिसला. वैशालीसुद्धा म्हणाली, चला, एकदाचं दर्शन झालं. घरात एकटी ताई घाबरली. गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून ती त्याच्या तोंडापाशी नेई आणि वाट पाही. मग चिमटा खाली ठेवी आणि वही उघडून बसे. पाणी बरोबर, खाणं बरोबर, चव बरोबर. मग हे कशानं, मिलिंद, असं ती मला विचारायची. मला!

अकराव्या रविवारी मी ठरवून निघालो, की आज विहिरीवर जायचं. कॅन बांधले. चौकात आलो. पानठेल्यावर दिनू होता, आणखी दोघं होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नसेल. मी गाडीचा वेग वाढवला आणि सरळ फिल्टरच्या प्लांटवर गेलो. परत आलो. म्हणालो, खारट आहे.

मग मी आणखी एक केलं. त्याच दुपारी ताई पडली होती, वैशाली शेजारी गेली होती. मी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली आणि दोन मुठी टाकीत टाकल्या. अंदाजानं — कसला अंदाज? चुकवलेले अकरा रविवार दोन मुठींत भरून काढायचे होते मला. हात धुतोय तोवर बाहेर कुणी हाक मारली, मी गेलो. बरणी टाकीपाशीच राहिली.

सकाळी मासा रेतीवर होता, पांढरी बाजू वर. ती बाजू रेतीवर असताना आम्ही कधी पाहिली नव्हती. गोड पाण्यानं मेला की मिठानं, मला सांगता येणार नाही. दोन्ही मीच घातलेलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इतका वेळ लावला, कारण — कारण काही नाही. हात पुढे जात नाही.

ताई टाकीपुढच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर वही, समोर मिठाची बरणी. तिनं वैशालीला विचारलं, तू आणली होती का गं ही इथं? वैशाली म्हणाली, नाही ताई, मी तर शोधून राह्यली होती सकाळपासून. ताई बरणीकडे पाहत राहिली. मग तिनं वही पहिल्या पानापासून उघडली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत आली. चवीच्या रकान्यावरूनही बोट गेलं. माझ्या खोट्याच्या त्या अकराही ओळींवरून गेलं. थांबलं नाही. तिथं चूक असू शकते, हे तिच्या मनातच आलं नाही.

वही संपली. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, संशयानं नाही. ताप किती आहे हे थर्मामीटरला विचारावं, तसं विचारलं.

"मिलिंद, मी टाकलं काय रे मीठ?"

मला वेळ होता. भरपूर वेळ होता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. आत कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. मी टाकलं म्हणायला एक शिट्टी पुरली असती. मी म्हणालो,

"तूनं टाकलं असन, ताई."

तिनं बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाली, "असन." आणि वही बंद केली.

मासा आम्ही सीताफळाखाली पुरला. खड्डा मी खणला.

बाकीचं सांगायला सोपं आहे. सोपं म्हणजे, ते सगळ्यांनी पाहिलंय. वस्तीतल्या बायका ताईकडे यायच्या — कुणाचं बीपी, कुणाच्या बाळाची नाळ, कुणाची जखम. तीस वर्षं ज्या हातांवर तिनं पोरं झेलली, त्या हातांकडे ती आता पाहत राहायची. टाकीत मीठ टाकून जो हात विसरतो, तो इंजेक्शन देऊन विसरणार नाही कशावरून? असं ती वैशालीला म्हणाली. मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं.

नामदेवकाकांची सून आठव्या महिन्यात पाय सुजले म्हणून आली. ताईनं बीपीचा पट्टा बांधला, आकडा पाहिला. सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा बांधायला घेतला आणि खाली ठेवला. "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला पोरी," ती म्हणाली आणि तिला ऑटोनं तळेगावला पाठवलं. तिकडे आकडा तोच निघाला. सून बरी होती, पुढे बाळंतपणही नीट झालं. काका सांगायला आले, ताई, तुमचंच बरोबर होतं. ताई हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ते मशीन गावच्या आशा कार्यकर्तीला देऊन टाकलं, डब्यासकट.

मशीन जाताना मी दारातच उभा होतो. एक वाक्य, आणि ते दारातून परत आलं असतं.

सांगायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मी प्रयत्न केलाच नाही. चार वर्षं झाली. रोज सकाळी चहाच्या वेळी ती आणि मी दोघंच असतो, रोज.

मासा गेल्यावर काही महिन्यांनी दिनू भेटला. म्हणाला, साहेब, ताईचा मासा कसा आहे? म्हटलं, मेला. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याचं वावर विहिरीच्या पलीकडे आहे. "अरे, त्या पाण्यासाठी तू काऊन जात होता? मले सांगतलं असतं तं मी आणून देल्लं असतं. रोज तिकूनच येतो." त्याला ते वाक्य आठवतही नव्हतं. ज्याच्यासाठी मी एवढं केलं, ते त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

रविवारी आम्ही विहारात जातो. ताई पुढे बसते, मी मागे भिंतीशी. पंचशील सुरू होतं. पहिलं मी कसंबसं म्हणतो. मासा मारायचा म्हणून मारला नव्हता, एवढ्या आधारावर आवाज निघतो. दुसरं, तिसरं म्हणतो. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की माझे फक्त ओठ हलतात. एवढ्या आवाजांत एक कमी झाला तर कुणाला कळणार? ताईचा आवाज मात्र पुढून स्वच्छ ऐकू येतो.

टाकी माळ्यावर आहे, रेतीसकट. वही ताईच्या पेटीत. विहीर आहे तशीच आहे, बाभळीत.

आणि ताई — ताई चांगली आहे. तब्येत ठीक आहे, बोलणं ठीक आहे, डॉक्टर म्हणतात डोकं एकदम शाबूत. फक्त ती आता कुठल्याच गोष्टीला स्वतःच्या भरवशावर हो म्हणत नाही. गॅस बंद केला तरी पाहून ये म्हणते. दाराला कडी लावून दोनदा परत येते. आणि सकाळी चहा झाला की, तिनं माझ्यासमोर घेतलेली असते तरी, माझ्याकडे पाहून विचारते,

"मिलिंद, मी गोळी घेतली ना रे?"

वैशाली जवळ असली तरी तिला विचारत नाही. मलाच विचारते.

"घेतली, ताई," मी म्हणतो.

ती मान हलवते. मी सांगितलं म्हणजे झालं.